बोर्निओच्या वाटाडीला मिशी

मी बोर्निओ पाहिलेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मी बोर्निओच्या जंगलावर लांबलचक प्रेमकथा लिहिली आहे, आणि ती वाचून कुणी तिकडे गेलं तर मला जबाबदार धरू नये. बोर्निओच कशाला, लिहायला बसले तेव्हा मी कुठलंच जंगल पाहिलेलं नव्हतं. आम्ही चेन्नईत सौकारपेठेत राहतो. आमच्या गल्लीतलं सर्वांत मोठं झाड म्हणजे समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या पाइपातून उगवलेला पिंपळ.

माझे वडील, म्हणजे आण्णा, गलाईचं काम करतात. लोकांचं जुनं सोनं मुशीत वितळवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. सांगलीकडून आमच्यासारखी कितीतरी घरं या कामापायी इथे आली. मी सातवीपर्यंत गावी शिकले, मग इथे तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेत. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वनस्पतिशास्त्र घेतलं, कारण मार्कांत तेच बसलं. आण्णांनी विचारलं, “झाडांची नावं पाठ करायला तीन वर्षं लागतात?” तरी गल्लीत ते सगळ्यांना सांगतात, “पोरगी सायन्सला आहे.” कुठलं सायन्स ते सांगत नाहीत. समोरच्यानं डॉक्टर समजलं तर त्यांचा नाइलाज असतो.

तर कादंबरी. फोनवर मराठी गोष्टींचं एक अ‍ॅप आहे. तिथे टोपणनावाने मी दर आठवड्याला एक भाग टाकत असे. नायिका दोन. एक शास्त्रज्ञ, दुर्मिळ फुलाच्या शोधात निघालेली. दुसरी तिची वाटाडी. तिला नदी कळते, वादळ कळतं, साप कळतात आणि सुदैवाने मराठीही येते. मराठी ती कुठे शिकली हे मी चौथ्या भागात सांगणार होते, ते राहून गेलं. आठवडाभर धो धो पाऊस पडतो आणि दोघींचे केस मोकळे, सुळसुळीतच राहतात. तंबू एकच. दुसरा तंबू दुसऱ्याच भागात नदीत वाहून गेला. प्रेमकथेतल्या दुसऱ्या तंबूला फार आयुष्य नसतं.

एकोणिसाव्या भागात त्या दोघी एकमेकींचं चुंबन घेतात. तो भाग टाकला आणि मी फोन बंद करून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. परत येऊन पाहिलं तर पहिली प्रतिक्रिया होती, ‘अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो.’ दुसरी, ‘सुंदर भाग. हिरो कधी येणार?’

बोर्निओच का, असं कुणी विचारलं नाही, पण मी सांगते. बेसंत नगरच्या समुद्रावर मुलगा आणि मुलगी हात धरून बसले तर कुणीतरी येऊन घरचा नंबर मागतं. दोन मुली हात धरून बसल्या तर उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकणारी येऊन विचारते, “दोन पुड्या देऊ का गं?” मुलींनी मुलींचा हात धरणं आमच्या शहरात इतकं साधं आहे की त्याचा काही अर्थच होत नाही. मी माझ्या मैत्रिणीचा हात वर्षभर धरला. रस्ता ओलांडताना, बसमध्ये, परीक्षेच्या आधी, निकालाच्या नंतर. अर्थ शून्य. त्या हाताला काही अर्थ यावा म्हणून मला समुद्रापलीकडे जाऊन वाघ-सिंह गोळा करावे लागले.

ही मैत्रीण माझ्याच वर्गातली. पहिल्या वर्षी मी व्हरांड्यात फोनवर आण्णांशी बोलत होते, तर ही माझ्यासमोर येऊन उभीच राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, “तू मराठी!”

“हो.”

“आम्हीपण मराठी. आम्हांस येऊन तीनशे वर्षं झाली.”

“आम्हाला सहा,” मी म्हणाले.

तिला ते एवढं विनोदी वाटलं की ती हसत हसत खाली बसली. मी विनोद केला नव्हता.

तिचं घर तंजावरकडचं, आता अड्यारला. त्यांच्या मराठीत अर्धे शब्द तमिळ आणि उरलेले पोथीतले. ‘मला’ऐवजी ‘मज’. ‘बहु’ हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला होता, तिची आई तो वांग्याच्या भाजीला वापरायची. बोलायला ही अशी मराठी, पण लिहायचं-वाचायचं सगळं तमिळमध्ये. त्यामुळे मी एक शोध लावला: हिला देवनागरी वाचता येत नाही. माझ्या तमिळ शाळेत कुणालाच येत नव्हती, म्हणजे चेन्नईत कुणालाच येत नसणार. इतक्या भक्कम पुराव्यावर मी बसमध्ये तिच्या खांद्याला खांदा लावून, फोन उघडा धरून, तिच्याबद्दलच पानंच्या पानं लिहीत असे. माझं धाडस हे असं होतं.

तिने मात्र घरी सांगून टाकलं की ही गोष्टी लिहिते. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले तर तिची आई वाटच पाहत होती. मी त्यांना काकू म्हणते.

“लिहितीस म्हणे तू? मज वाचून दाखव गे.”

“नको काकू, काही विशेष नाही.”

“विशेष असो, नसो. पुण्यास लग्नाला गेलों होतों. मी पाणी मागितलं, तर पोरं हसली. म्हणाली, ही आजी नाटकातलं बोलते. तुझं ऐकून ऐकून आमचं थोडं सरळ होईल.”

माझ्या सांगलीकडच्या मराठीला कुणी सरळ म्हणेल, हे मला नवीन होतं. त्यात काकूंनी कॉफी आणली, घरातल्या सगळ्यांच्या असतात तशाच स्टीलच्या पेल्यात, आणि शेंगा सोलत समोर बसल्या. नाही म्हणणं जमलं नाही. मी पहिला भाग उघडला. तिसऱ्याच ओळीत वाटाडी येते. मी तोंड उघडलं आणि तोंडातून वाटाड्या बाहेर आला.

मी ठरवलं नव्हतं. पण एकदा पुरुष झाला म्हटल्यावर त्याला पुरुषासारखं ठेवणं भाग होतं. काकूंनी विचारलं, “मिशी आहे का त्यास?”

“आहे,” मी म्हणाले. “बारीक.”

तिथून पुढे दर शनिवारी मी हेच केलं. डोळ्यांसमोर ‘ती’ आणि तोंडात ‘तो’. पण बाकीचं मी काही बदलू शकत नव्हते, तेवढा वेग मला नाही. त्यामुळे तो मिशीवाला गडी नायिकेची वेणी घालायचा. तिला वांगं आवडत नाही हे लक्षात ठेवायचा. तिला भीती वाटली की “घाबरू नकोस” न म्हणता “मलाही वाटते” म्हणायचा. काकूंच्या हातातल्या शेंगा तशाच राहायच्या.

“अय्यो! तीस विचारून नदीत नाव वळवतो!” मग आतल्या खोलीकडे तोंड करून, “ऐकलंत का हो? विचारून वळवतो!”

आतून क्रिकेटचा आवाज यायचा. काका मॅच पाहत असत. ते कुठल्याही शनिवारी मॅचच पाहत असत.

“रडतोसुद्धा,” काकू मला म्हणायच्या. “चांगला आहे गे. बहु चांगला. बोर्निओत असे मराठी मनुष्य असतात का? हिच्यासाठी एक पाहिजे.”

ही खाली फरशीवर, पंख्याच्या बरोबर खाली बसलेली असायची आणि वर बघून हसायची. मला वाटलं, तिलाही तो आवडतो. म्हणजे मी स्वतःच्याच पात्रावर जळत होते, तेही मीच लावलेल्या मिशीवर. अशी वेळ फार लेखकांवर आली नसेल.

हसण्यावारी नेते आहे, पण मला खरंच भीती होती. आमच्या घरात अ‍ॅसिडचा वास असतो आणि बसायची जागा भट्टीला लागून. अड्यारच्या त्या घरात माझ्यासाठी एक खुर्ची ठरलेली होती. ‘तो’ची ‘ती’ झाली असती तर खुर्ची गेली असती, शनिवार गेला असता आणि ती गेली असती. आणि ‘तो’ तसाच राहिला असता तर मी जन्मभर काकूंना एका खोट्या माणसाच्या प्रेमात ठेवून बसले असते. दुसरं सोपं होतं, म्हणून मी तेच करत होते.

तिसऱ्या वर्षी वर्गाची अभ्याससहल निघाली, अनमलैच्या डोंगरात, वाल्पारैच्या वरच्या बाजूला. खरं वर्षावन. मी तोपर्यंत तीस भाग लिहिलेली तज्ज्ञ होते, त्यामुळे फार उत्सुकता नव्हती. बसमध्ये बावन्न मुली, एक मॅडम आणि मॅडमच्या गळ्यात शिट्टी. जंगलात शिरल्यावर दहा मिनिटांत माझे केस काथ्यासारखे झाले. माझ्या जंगलात फुलं दिसतात. खऱ्या जंगलात मला फक्त पुढच्या मुलीची पाठ दिसत होती, आणि जे काही फुललं होतं ते दीडशे फूट वर, आम्हाला न दाखवता. मॅडम म्हणाल्या, वीस जाती ओळखून वहीत लिहा. आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारू नका.

चालता चालता मैत्रीण मागून म्हणाली, “हलू नको.”

माझ्या पोटरीवर जळू होती. मी अर्थातच हलले, ओरडले आणि एका पायावर उड्या मारल्या. तिने मला एका खोडाशी उभं केलं, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, खाली बसली आणि नखाने जळूचं तोंड हळूच सोडवून तिला झुडपात फेकलं.

“अकराव्या भागात तू ओढून काढलीस,” ती म्हणाली. “ओढायची नसते, लूसु, वेडी कुठली. आणि बोर्निओत जग्वार नसतो.”

अकरावा भाग मी त्यांच्याकडे वाचलाच नव्हता. काकूंना हिंस्र प्राणी सहन होत नाहीत म्हणून तो गाळला होता.

“तुला काय माहीत अकराव्यात काय आहे?”

“वाचलं.”

“तुला वाचता येत नाही.”

तिने वर पाहिलं. माझी दया आल्यासारखं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. “तिसरीपासून नववीपर्यंत, रोज संध्याकाळी, हिंदीची ट्यूशन. आठ परीक्षा दिल्यात. अड्यारात कुणासही विचार. सगळ्या अम्मा पाठवतात.”

शाळेत हिंदी नसते एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी सहा वाजता अर्धं अड्यार चपला घालून खासगीत हिंदी शिकायला निघतं, हे सौकारपेठेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेतल्या मुली सहा वाजता घरी भांडी घासत. माझा शोध असा एका ओळीत संपला.

“किती वाचलंस?”

“तीसही भाग. ती वाटाडी मी आहे ना?”

“नाही.”

“सहाव्या भागात ती नाववाल्याशी भांडते. थांब्यावर नाव थांबवली नाही म्हणून. बोर्निओच्या जंगलात थांबा असतो का गे? आपल्या बसमध्ये मी भांडले होते ते.”

मी पायाकडे बघत होते. रक्त थांबत नव्हतं. जळू गेली तरी रक्त बराच वेळ वाहतं, हेही मी कुठे लिहिलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

या क्षणासाठी मी तीस भाग खर्च केले होते. वीज, पूर, सर्पदंश, एक तंबू. आणि तो आला तेव्हा माझी सलवार गुडघ्याशी गोळा झालेली, पायात चिखलाने भरलेले भावाचे बूट आणि पुढून मॅडमची शिट्टी, “गर्ल्स! लाइन! लाइन!”

ती उठली. तिने रुमाल माझ्या पोटरीला बांधला, जरा जास्तच घट्ट. “मग मी मिशी लावून किती शनिवार बसायचं? अम्माला आहे तसं वाचून दाखव. मग आपण बोलू.”

“काकू मला हाकलून देतील.”

“तुला हाकलतील,” ती म्हणाली. “मला तर तिथेच राहायचंय.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी इतके दिवस फक्त माझ्या खुर्चीचा विचार करत होते.

त्यानंतरच्या शनिवारी मला ताप आला. त्याच्या पुढच्या शनिवारी आण्णांना. तिसऱ्या शनिवारी घरात कुणी आजारी पडायला शिल्लक नव्हतं, म्हणून मी गेले. ब्रॉडवेहून अड्यारपर्यंतच्या बसमध्ये मी तिसावा भाग चार वेळा वाचला. मॅच सुरू होती. काकूंनी शेंगा घेतल्या. मैत्रीण पंख्याखाली बसली, पण आज वर बघत नव्हती.

“काकू,” मी म्हणाले, “आज लिहिलंय तसंच वाचते.”

“मग रोज कसं वाचत होतीस?”

मी सुरुवात केली. त्या दोघींना फूल सापडतं. बोट परत न्यायला येते. शास्त्रज्ञ बोटीत चढत नाही. मी वाचलं, ‘ती वाटाडी किनाऱ्यावर उभी होती. तिने हात पुढे केला.’

“कोण ही?” काकू म्हणाल्या. “नवीन आली?”

“नाही. वाटाडी. तीच.”

“आणि तो कोठे गेला?”

“तो नव्हताच काकू. तो मी वाचताना करत होते. लिहिलेली पहिल्यापासून तीच आहे.”

शेंग सोलणारा हात थांबला. “वेणी घालीत होता तो?”

“ती.”

“विचारून नाव वळवीत होता?”

“तीच.”

“तरीच,” काकू म्हणाल्या. अगदी हळू, आणि त्या हसत नव्हत्या. एखादं माणूस गेल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मला वाटलं, फोन ठेवावा, चपला घालाव्यात.

“वाच पुढे,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. शास्त्रज्ञ हात धरून चिखलात उतरते. बोट निघून जाते. ती वाटाडीला सांगते की मी फुलासाठी थांबलेले नाही. लिहिताना मला ही वाक्यं फार ग्रेट वाटली होती. काकूंसमोर ती मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्य चार आण्यांचं वाटत होतं, पण मी एकही बदललं नाही. भाग संपला. आत कुणीतरी आउट झालं.

काकूंनी बराच वेळ सालं एका बाजूला केली, दाणे एका बाजूला. मग विचारलं, “त्यांच्या घरीं ठाऊक आहे?”

“त्यांना घरचं कुणी नाही. म्हणजे, मी लिहिलं नाही.”

“दोघींसही?”

“दोघींनाही.”

“साप आणलास,” काकू म्हणाल्या. “वादळ आणलंस. आणि आई आणायला भ्यालीस.”

खरंच भ्याले होते. जग्वार सोपा होता.

तेव्हा खालून मैत्रिणीचा आवाज आला. “ठाऊक आहे अम्मा. आत्ता कळलं.”

“कोणास?”

“आईस.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. ती मान खाली न घालता बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. काकू उठल्या, शेंगांचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून तिला नावाने हाक मारली. ती गेली. दार लागलं.

मी खुर्चीत बसून राहिले. आतलं बोलणं ऐकू येत होतं, पण तमिळ आणि जुनी मराठी इतक्या वेगाने मिसळलेली की मला फक्त ‘वेडी’ आणि ‘कधीपासून’ एवढेच शब्द लागले. एकदा काही पडल्याचा आवाज झाला. काकांनी आतल्या खोलीतून विचारलं, “काय झालं? गोष्टीत काही झालं काय?”

“काही नाही,” काकूंचा आवाज आला. “तुम्ही मॅच पाहा.”

पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. मैत्रीण भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे लाल, पण पायात चपला नव्हत्या. म्हणजे कुणी कुठे जात नव्हतं. काकूंनी माझ्यासमोर कॉफी ठेवली. साखर घालायला विसरल्या होत्या. मी तशीच प्यायले.

“पुढच्या शनिवारी येऊ नको,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मला तेच अपेक्षित होतं.

“त्याच्या पुढच्या शनिवारी ये. मज थोडे दिवस पाहिजेत.”

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती.

“तेव्हा काय वाचू काकू?”

“आई लिही एक,” काकू म्हणाल्या. “मग पाहूं. आणि तीस मूर्ख करू नको.”